जास्वंदीच्या कुंडीतला बाप्पा

मुंबईत कुंडीतली झाडं तहानेनं फार कमी मरतात. बहुतेक बुडून मरतात. घरातला जो तो जाता-येता तांब्याभर पाणी घालतो आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याशिवाय या झाडाकडे कोणाचं लक्षच नाही. माझा सगळा धंदा या गैरसमजावर उभा आहे, त्यामुळे मी तो फारसा दूर करत नाही.

धंदा म्हणजे लोकांच्या ग्रिलमधल्या, गॅलरीतल्या, खिडकीच्या कट्ट्यावरच्या बागा सांभाळणं. दादर, परळ, लालबाग, फार तर गिरगाव. "शिवडीच्या पलीकडे तुमचं नाव कोणी ऐकलेलं नाही," असं आमच्या घरून सांगितलं जातं. शिवडीतसुद्धा ते एकाच घरात ऐकलेलं आहे आणि ते घर मेहुणीचं आहे.

त्याआधी मी हिंदमाताला साड्या दाखवायचो. दुकान बंद झालं, गुडघे शाबूत होते, आणि साड्यांपेक्षा कुंड्यांना घड्या कमी घालाव्या लागतात म्हणून इकडे वळलो. साड्यांच्या गादीवर एक गोष्ट मात्र शिकलो होतो. गिऱ्हाइकाला खरोखर काय हवंय ते गिऱ्हाईक कधी तोंडानं सांगत नाही. "जरा गडद दाखवा" म्हणणारी बाई गडद रंग मागत नसते, जाऊबाईंनी घेतलेल्या साडीपेक्षा वरचढ काहीतरी मागत असते. झाडांच्या धंद्यातही तसंच. "काका, मोगऱ्याला कळ्या येत नाहीत" म्हणून फोन येतो. जाऊन बघावं तर नवऱ्यानं मोगऱ्याच्या डोक्यावर एसीचा डबा बसवलेला असतो आणि भांडण मोगऱ्याचं नसतंच.

माझ्या पिशवीतली हत्यारं बघून लोक आधी निराश होतात. जुन्या छत्रीची एक काडी, टाकून दिलेला टूथब्रश, नाडीचं बंडल, भांडी घासायच्या लिक्विडची छोटी बाटली आणि एक कात्री. काडी म्हणजे माझा स्टेथोस्कोप. कुंडीत खोल खुपसायची आणि बाहेर काढून बघायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नको, कोरडी आली तर घाला. याहून मोठं शास्त्र मला येत नाही. दादरच्या एका काकूंनी याच कामासाठी परदेशातून मुलाकडून काट्याचं मीटर मागवलं होतं. ते मीटर आणि माझी काडी दोन्ही बाजूबाजूला खुपसली. मीटरनं 'ओलं' दाखवलं, काडीनंही ओलं दाखवलं. काकू म्हणाल्या, "बघा, तुमची काडी बरोबर आहे हं!" पास झाल्याचा असा आनंद मला शाळेतसुद्धा झाला नव्हता.

नाडीचं काम लोकांना फार आवडतं. सुट्टीत गावी जायचं असलं की पाण्याची भरलेली बादली स्टुलावर ठेवायची, सुती नाडीचं एक टोक बादलीत आणि दुसरं कुंडीतल्या मातीत. पाणी नाडीवरून हळूहळू चालत कुंडीत येतं. नाडी सुतीच हवी, नायलॉनची नको, एवढं मी दर वेळी बजावतो. तरी गिरगावातल्या एका गृहस्थांनी नवी चकचकीत नायलॉनची दोरी लावली, कारण "घरी पाहुणे येणार, नाडी बरी दिसत नाही." पाहुणे आले तेव्हा दोरी सुंदर दिसत होती आणि कढीपत्ता वाळला होता.

आणखी एक, नारळाच्या शेंड्या फेकू नका. पूजेचे, वाटणाचे किती नारळ फुटतात आपल्याकडे! ती शेंडी पिंजून कुंडीच्या तळाला घातली की भोक बुजत नाही आणि ओलही टिकते. चहाचा चोथा घालायचा तर आधी धुवून घ्या, नाहीतर झाडाला खत आणि मुंग्यांना पार्टी. कापसासारखी पांढरी कीड दिसली की औषध आणायला धावू नका. पाण्यात दोन थेंब लिक्विड टाकून टूथब्रशनं घासा, दात घासतो तसं, फक्त जरा मायेनं.

एवढं ज्ञान ऐकून कोणालाही वाटेल की माझ्या घरी नंदनवन असणार. आमच्या घरी तुळस टिकत नाही. सुमन, म्हणजे माझी बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाळकी काडी दाखवून म्हणते, "हे झाडांचे डॉक्टर. घरचे पेशंट देवावर सोडलेले."

तर या सगळ्यात एक केस अशी आली की माझी काडीच आत जाईना.

लालबागच्या एका टॉवरमधून वैशालीचा फोन आला. तिशीतली मुलगी, बँकेत नोकरी. "काका, जास्वंद बघायला या. आजच या." मी म्हटलं, उद्या सकाळी येतो. ती म्हणाली, "आज आलात तर बरं. आज आप्पा गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेलेत."

हे वाक्य ऐकून मला साड्यांची गादी आठवली. मी लगेच निघालो.

चाळीच्या जागी उभा राहिलेला टॉवर. बाल्कनी स्वच्छ, कुंड्या रांगेत. मधोमध मोठ्या मातीच्या कुंडीत जास्वंद, पण कशी? पानं पिवळी, अर्धी गळलेली, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन तशाच खाली पडलेल्या, फांद्यांवर पांढरी कीड. आणि मातीवर पाणी साचलेलं, थेट डबकं.

"रोज पाणी घालतेस?"

"रोज. दोनदा. मलूल दिसते ना ती."

मी छत्रीची काडी काढली आणि खुपसली. काडी गेली नाही. जोर लावला तर काडी वाकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणत्यातरी कुंडीनं मला दारातून परत पाठवलं. पाणी बाजूला सारून बोट फिरवलं तर खाली गुळगुळीत, राखाडी, घट्ट थर. सिमेंटच म्हणा ना.

"हे काय घातलंय यात?"

वैशालीनं आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाली, "बाप्पा."

त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. इथल्या जुन्या चाळीत होता, तोच पुढे इथे टॉवरमध्ये आला. आप्पा, म्हणजे वैशालीचे सासरे, मालवणकडचे. आधी गिरणीत होते, मग शिवडीच्या गोदीकडच्या गोदामात. दरवर्षी मूर्ती स्वतः डोक्यावर घेऊन गिरगाव चौपाटीला विसर्जन करायचे. गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली. मग वैशालीनं सुचवलं की शाडूची मूर्ती आणू, घरीच बादलीत विसर्जन करू आणि माती झाडांना घालू. आप्पा तीन दिवस गप्प बसले आणि चौथ्या दिवशी "बरा" म्हणाले. मूर्ती विरघळली. ते दुधाळ पाणी आणि गाळ, सगळाच्या सगळा, वैशालीनं जास्वंदीच्या कुंडीत ओतला. जास्वंदच का? तर ती माईंची, म्हणजे वैशालीच्या वारलेल्या सासूबाईंची. चाळ पाडली तेव्हा माईंनी ती डालड्याच्या डब्यात घालून आणली होती. तिचं पहिलं लाल फूल दरवर्षी बाप्पाला जायचं. बाप्पाची माती तिच्या पायाशी जावी याहून चांगलं काय?

"सगळेच सांगतात काका, माती कुंडीत घाला," वैशाली म्हणाली. "किती घाला, ते कोणी सांगत नाही."

खरं होतं. शाडू ही अगदी बारीक चिकणमाती. चिमूटभर असेल तर कुंडीत ओल धरून ठेवते. पण थराने घातली की वरून झाकण बसतं आणि खालून भोक बुजतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हो. वैशाली वरून प्रेमानं पाणी घालत होती आणि जास्वंद आत गुदमरत होती.

"आप्पा काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत, तोच त्रास आहे. फक्त एकदा म्हणाले, 'त्याका आवडूक नाय ता.' त्याका म्हणजे देवाला. आणि आता म्हणतात, यंदा गणपती इथे नको, गावाला भावाच्या घरी बसवा. कायमचा." तिचा आवाज खाली आला. "नितीन, माझा नवरा, म्हणतो, होईल सगळं शांत. पण काका, माईंच्या घरातला गणपती माझ्यामुळे गेला, असं होणार ना?"

बघा, जास्वंदीचा फोन होता आणि गिऱ्हाइकाला हवा होता गणपती.

मी कीड घासली, पिवळी पानं काढली आणि म्हटलं, झाड बाहेर काढून मुळं धुवावी लागतील. ती माती पूर्ण काढावी लागेल. एवढ्यात मागून आवाज आला.

"खुरप्यान देव उकरतलास?"

आप्पा डॉक्टरकडून परत आले होते. उंच, वाळके, हातात काठी आणि काखेत एक्स-रेचा लिफाफा. मी चपला काढून उभाच होतो, तरी आणखी एकदा चपला काढाव्यात असं वाटलं.

"आप्पा, हे झाडांचे..." वैशाली म्हणाली.

"झाडांचो डॉक्टर, कळला. कंपाउंडर खंय?" त्यांनी माझ्या टूथब्रशकडे बघितलं. "ती माती नाय. देव हा तो. पूजा केलली, आरती केलली. उकरून खंय टाकतलास? कचऱ्याच्या गाडीत?"

साडीच्या दुकानात अशा वेळी आम्ही चहा मागवायचो. इथे चहा वैशालीनं आणला. मी कपात बघत म्हटलं, "आप्पा, टाकणार कुठेच नाही. पण आज काढली नाही तर जास्वंद जाईल. आणि काढूनही जाऊ शकते. मी खोटं सांगत नाही."

"जास्वंद जातली," आप्पा म्हणाले आणि कुंडीकडे बघत राहिले. मालवणी माणूस देवाशी भांडतो, सुनेशी भांडतो, पण बायकोनं लावलेल्या झाडाशी त्याला भांडता येत नाही. मग ते म्हणाले, "रविवारी कर. नितीन घरी असतलो. आणि न्हाणीतली बालदी घेऊ नको. देवाक ती चलाची नाय."

रविवारी मी गेलो तर बाल्कनीत नवी कोरी बादली, पितळेची परात, पाट, उदबत्ती असा थाट. माझ्या पिशवीत फुटक्या विटेचे तुकडे, पिंजलेल्या शेंड्या आणि शेणखत. सत्यनारायणाला बोलावलेल्या गवंड्यासारखा मी दिसत होतो.

"सुरू करूच्या आधी आरती," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आता मे महिना..." नितीन, त्यांचा मुलगा, भीत भीत म्हणाला. नितीन सज्जन माणूस. बाप आणि बायको यांच्या मधोमध उभं राहून राहून त्याला दोन्ही बाजूंना मान हलवायची सवय लागली होती.

"विसर्जन पुरा झाला नाय हा अजून. अर्धो देव कुंडीत अडाकलो हा."

आरती झाली. मी नको तेव्हा कुंडीची कड सैल करायला घेतली होती, त्यामुळे माझे हात चिखलानं भरलेले. त्याच हातांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या भिंतीवर ठिपके उडाले. वैशालीनं भिंतीकडे बघितलं आणि दिवसातलं पहिलं आणि शेवटचं हसली.

मग काम. कुंडी आडवी केली, कडेनं थोपटली. आतून सगळा गोळा एकदम निसटून आला. वर बोटभर जाडीचा राखाडी पापुद्रा, भाकरीसारखा अखंड. तो उचलून परातीत ठेवला. गोळा बादलीत बुडवला आणि बोटांनी हळूहळू मुळं सोडवली. पाणी दुधासारखं झालं. हे करताना तोंडानं काहीतरी बोलत राहायची मला सवय आहे, दुकानातली. "हे बघा, पांढरं मूळ म्हणजे जिवंत. तपकिरी, मऊ म्हणजे गेलं." पण बोलता बोलता मीच थांबलो. बरीचशी मुळं तपकिरी होती. कात्रीनं एकेक कापत गेलो आणि मूठभर पांढरी उरली.

"जगतली ना?" आप्पांनी विचारलं. मी पांढरी मुळं पुन्हा मोजली.

मुळं कापली की वरच्या फांद्याही कापाव्या लागतात. मूठभर मुळांनी एवढं मोठं कुटुंब पोसायचं कसं? आम्ही चाळीतली माणसं, हे आम्हाला वेगळं समजवायला नको. मी कात्री उचलली तेव्हा आप्पांनी तोंड फिरवलं. झाडाचा निम्म्याहून जास्त भाग मी उतरवला. काही फांद्या कोन करून छाटल्या आणि पाण्याच्या बाटलीत ठेवल्या, मूळ झाड गेलं तरी निदान कलम राहील म्हणून. कुंडीच्या भोकावर विटेचा तुकडा, त्यावर शेंड्या, मग साधी माती, खत आणि चाळलेली रेती एकत्र करून भरली. मधोमध जास्वंदीचे चार दांडके. शेवटी थोडंसं पाणी. झाडं लावताना लोक हमखास दोन गोष्टी करतात, भरपूर पाणी आणि भरपूर ऊन. मी सांगितलं, दोन्ही नको. सावलीत ठेवा आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा. हे औषध कोणालाच पटत नाही, कारण ते फुकट असतं.

आता प्रश्न राहिला परातीचा. बादलीचं पाणी निवळल्यावर खाली बसलेला गाळ आणि तो पापुद्रा, सगळं मिळून परात भरली होती. चौघे तिच्याभोवती उभे.

नितीन हळूच म्हणाला, "मी संध्याकाळी चौपाटीवर नेऊन..."

"मगे गेल्या वर्षीच समुद्राक जावचा होता," आप्पा म्हणाले. "ह्यो उपद्व्याप कित्याक केलो?"

वैशालीनं मान खाली घातली. ते वाक्य नितीनला होतं, पण लागलं तिला, हे परातीलासुद्धा कळलं असतं.

मला राहवलं नाही. "आप्पा, माती वाईट नाही हो. उलट चांगली. गॅलरीत दुपारी ऊन येतं, कुंडी सुकते, तेव्हा चिमूटभर शाडू ओल धरून ठेवते. फक्त सगळी एकाच कुंडीत नको. तेवढंच चुकलं. थोडी थोडी घातली असती तर..."

आप्पा पाटावर बसले. गुडघा चोळत परातीकडे बघत राहिले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "पंगतीत परसाद एकाच्याच पानात वततत काय रे?"

"नाही."

"मगे बाकीचे काय, बोटां चाखतले?" आणि वैशालीला म्हणाले, "सुकव ती. पाट्यावर बारीक कर. वस्त्रगाळ. माळ्यावरच्या सगळ्यांका बोलव. ज्याच्याकडे झाड हा, त्याका चिमटीभर. पेढ्याच्या पुडीत बांधून. आणि ह्यो डॉक्टर सांगतलो, कशी घालूची ता."

मी साड्या विकल्या आहेत, लग्नाचे बस्ते बांधले आहेत, पण एखाद्या अडलेल्या गोष्टीला एवढी सरळ घडी पडलेली क्वचित बघितली. देव समुद्रातही गेला नाही, कचऱ्यातही नाही आणि एका झाडाच्या उरावरही बसला नाही. वाटला गेला.

त्यांच्या मजल्यावरच नाही, अख्ख्या विंगमध्ये त्या पुड्या गेल्या. प्रत्येक दारात आप्पा काठी टेकत उभे आणि मागे मी. "चिमूटभर शाडू, ओंजळभर मातीत मिसळायची, वर पसरायची नाही," हे मी एवढ्या वेळा म्हटलं की एका घरातला पोपट ते शिकला. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे झाड नाही हो." आप्पा म्हणाले, "मगे लावा." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मला दोन नवी कामं मिळाली, हे सुमनला सांगितल्यावर ती म्हणाली, "देवाच्या नावावर धंदा करता, लाज वाटत नाही?" आणि लगेच विचारलं, "कुठल्या मजल्यावर?"

पण गणपतीचं काय? आप्पांनी एवढंच सांगितलं, "जास्वंद काय म्हणता ती बघूया. मगे ठरवू." आमच्याकडे गणपतीची मूर्ती ठरवायची म्हणजे घरातला लाकडी पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि त्यावरूनच घरी येते. पाट गेला की समजायचं, गणपती येणार. वैशालीच्या घरचा पाट अजून घरातच होता.

पुढचे दिवस वाईट गेले. वैशाली रोज सकाळी ऑफिसला निघताना जास्वंदीचा फोटो पाठवायची. "काका, हे कोंब आहे का धूळ?" धूळ असायची. "काका, काडी काळी पडलीय का?" पडलेली असायची, पण मी लिहायचो, "टोकाला पडली, खाली हिरवी असेल, नखानं खरवडून बघ." बाटलीतल्या फांद्याही एकेक करून काळ्या पडल्या. मी रात्रीच्या जेवणात मोबाइल बघतोय म्हणून सुमन चिडली. फोटो बघितल्यावर मात्र म्हणाली, "काय हो, गेली का ही?" साडीला डाग निघाला तर बदलून देता येते. माईंची जास्वंद कुठून बदलून देऊ?

बाहेर उकाडा सरला, पावसाची रीतसर चिकचिक सुरू झाली, पाट देण्याचे दिवस आले. एका सकाळी वैशालीचा फोटो आला नाही. मला वाटलं, संपलं. दुपारपर्यंत फोन करायचं धैर्य झालं नाही. मग फोन वाजला आणि नाव तिचं, आवाज आप्पांचा.

"काय ओ डॉक्टर, दिसता की नाय तुका?"

"काय आप्पा?"

"आत्ताच फोटो पाठयल्यान हा ना तिना? कोंब. मिरीएवढो. काल मी भिंग लावून बघितलंय. आज तुझ्या डोळ्यांनी बघ."

मी फोटो उघडला. दांडक्याच्या अगदी बुडाशी, जिथे मी कधी बघायला सांगितलं नव्हतं तिथे, एक हिरवा ठिपका. मी मोठा करून बघितला, लहान करून बघितला, सुमनला दाखवला. मग खुर्चीत बसलो.

पलीकडून आप्पा म्हणत होते, "आणि आयक, पाट तिना कधीच धुवून ठेवल्यान हा. मी घेऊन खाली जातंय. ही मुलगी धावत धावत मागून येता, 'आप्पा, रिक्षा करा, आप्पा, रिक्षा करा.' लालबागात शाळा पाचव्या बिल्डिंगखाली, रिक्षा कित्याक?" लालबागात रिक्षा चालत नाही हेही ते विसरले होते, आणि तीही.

त्या वर्षी गणपतीला जास्वंदीचं फूल नव्हतं. पानं आली होती, टवटवीत, चांगली तळहाताएवढी, पण कळीचं नाव नाही. मी आधीच सांगितलं होतं, एवढ्यात मागू नका. आप्पा पहाटे दादरच्या फुलबाजारातून जास्वंदीची परडी घेऊन आले. जास्वंदीच्या कुंडीला त्यांनी हळद-कुंकू लावलं आणि बाळंतिणीची विचारपूस करावी तसं तिच्याशी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

दीड दिवसानं विसर्जन घरीच होतं. मला आणि सुमनला बोलावलं होतं. त्याच नव्या बादलीत. आप्पा मूर्ती उचलायला वाकले आणि तसेच राहिले. गुडघा वाकेना. नितीन पुढे झाला, पण आप्पांनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"वैशाली, इकडे ये गो. धर."

तिनं मूर्ती घेतली. आप्पा बाजूला उभे राहून, "हळू... हळू... बोटां काढ... आता सोड," असं सांगत राहिले, पोहायला शिकवतात तसं. बाप्पा पाण्यात बसला.

माती विरघळायला वेळ लागतो. ती विरघळून, निवळून, सुकेपर्यंत मी काही थांबलो नव्हतो, पण पुढच्या रविवारी पुड्या बांधायला मला आणि सुमनला हक्कानं बोलावलं गेलं. विंगमधल्या बायका या वेळी आपणहून आल्या होत्या. एकीनं चांगली मोठी वाटी आणली होती. आप्पा म्हणाले, "वाटी कसली ती? परसादाची की कढीची?"

सगळ्या गेल्यावर परातीत थोडीशी माती उरली. आप्पांनी ती घेतली आणि काठी टेकत जास्वंदीपाशी गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. कुंडीपुढे उभे राहून त्यांनी परात वैशालीच्या हातात दिली.

"तू घाल."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमननं माझा शर्ट मागून ओढला.

वैशालीनं चिमूट घेतली, कुंडीतल्या मातीत मिसळली आणि बोटानं नीट दाबली. आप्पा परातीकडे बघत होते. अजून होती त्यात.

"आणखी घाल. माईची जास्वंद ती."

"पुरे, आप्पा."

मी आजवर ऐकलं त्यावरून, त्या घरात आप्पांना 'पुरे' असं कोणी म्हटलं नसावं. नितीननं सवयीनं दोन्ही बाजूंना मान हलवली. सुमननं माझा शर्ट घट्ट धरला.

आप्पांनी सुनेकडे बघितलं, मग कुंडीकडे, मग परत सुनेकडे.

"पुरे तर पुरे," ते म्हणाले आणि उरलेली माती घेऊन शेजारच्या कुंडीतल्या कढीपत्त्याकडे वळले.